मागचे ७ दिवस की मागचे ३० दिवस? खर्चाच्या पाहणीतल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

२०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीचे आकडे फेब्रुवारी २०२४मध्ये बाहेर आले. माणशी महिन्याचा खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये. लगेच दोन तट पडले. एकांच्या मते देशातली गरिबी आता संपल्यात जमा आहे. दुसऱ्यांचं म्हणणं असं की हे आकडे २०११-१२च्या आकड्यांशेजारी मांडताच येत नाहीत. हा वाद समजून घ्यायचा तर आकडे गोळा करण्याच्या साधनाकडे, म्हणजे पाहणीच्या अनुसूचीकडे (घरोघरी भरून घ्यायच्या प्रश्नावलीकडे) वळावं लागतं. त्यातही एका बारीकशा तपशिलाकडे: उत्तर देणाऱ्याला किती दिवसांमागचा खर्च आठवायला सांगायचा?

घरोघरी जाऊन जमाखर्च विचारण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरनिहाय पाहणी १९१७मध्ये छापून आली. मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची चौकशी १९२१-२२मध्ये झाली. पण ही कामं एका गावापुरती किंवा एका शहरापुरती होती. संपूर्ण देशासाठी नमुना निवडून सलग पाहणी सुरू झाली ती ऑक्टोबर १९५०मध्ये. पहिल्या फेरीत फक्त ग्रामीण भाग होता आणि निवडलेली गावं होती १,८३३.

सुरुवातीच्या त्या वर्षांतच आठवणीच्या मुदतीचा प्रश्न पुढे आला. आठवड्याचं विचारावं की महिन्याचं, हे ठरवण्यासाठी बंगालच्या खेड्यांत प्रयोग झाला. काही घरांना ७ दिवसांचा वापर विचारला, काहींना ३० दिवसांचा, आणि काही घरांत रोज जाऊन धान्य प्रत्यक्ष तोललं. तोलून आलेल्या आकड्याशी महिन्याचं उत्तर जास्त जुळलं, आठवड्याचं उत्तर फुगलेलं निघालं. ३० दिवसांची मुदत कायम झाली ती या निष्कर्षाच्या बळावर.

माझ्या मते या निष्कर्षावर नंतर झेपणार नाही इतका भार टाकला गेला. एका राज्यातल्या खेड्यांत, धान्या-डाळींसारख्या तोलता येणाऱ्या जिनसांवर झालेला तो प्रयोग. त्यावरून भाजी, चहा, बिडी, हॉटेलातली मिसळ या सगळ्यांना पुढची चार दशकं तोच महिन्याचा नियम लागू राहिला. महिन्याभराची ज्वारी किती लागली ते घरातल्या बाईला नेमकं ठाऊक असतं, कारण कणगीत किती होती आणि किती उरली हे तिच्या डोळ्यांसमोर असतं. तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली मेथीची जुडी कोणाच्या लक्षात राहते?

आठवण दोन्ही बाजूंनी दगा देते. मुदत लांब असली की किरकोळ खरेदी विसरली जाते आणि खर्च कमी दिसतो. मुदत आखूड असली की दहा दिवसांपूर्वी आणलेला तेलाचा डबाही ‘मागच्या आठवड्यात’ जाऊन बसतो आणि खर्च जास्त दिसतो. कोणती चूक मोठी हे जिनसेवर अवलंबून असतं. कपडे, भांडी, शाळेची फी, दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च यांचं गणित आणखी वेगळं. गरीब घरात महिन्याभरात यातलं काहीच झालेलं नसतं, म्हणून ३० दिवसांच्या प्रश्नाला उत्तर शून्य येतं. तोच प्रश्न वर्षाचा विचारला की दिवाळीचे कपडे आणि जूनमधली वह्या-पुस्तकं मोजली जातात. त्यामुळे ३६५ दिवसांच्या मुदतीने या जिनसांची देशाची सरासरी खाली येते, पण तळातल्या घरांचा खर्च वर सरकतो. दारिद्र्यरेषेच्या आसपासच्या माणसांची मोजणी करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

ही अनुसूची फक्त अभ्यासकांच्या कामाची होती तोवर फारसं बिघडत नव्हतं. १९७१मध्ये पुण्यातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६०-६१चे आकडे घेऊन माणशी रोज २,२५० कॅलरींच्या आधाराने गरिबी मोजली. दारिद्र्यरेषा ठरली ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्यांच्या हिशोबाने ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के माणसं त्या रेषेखाली होती. तिथून पुढे खर्चाची पाहणी आणि गरिबीचा आकडा एकमेकांना जखडले गेले ते कायमचे. १९७२-७३पासून साधारण दर पाच वर्षांनी मोठी फेरी होऊ लागली. मुदत तीच राहिल्यामुळे चूक असली तरी ती प्रत्येक फेरीत सारखीच असणार, आणि निदान गरिबी वाढली की घटली हे तरी सांगता येणार, असा त्यामागचा हिशोब होता. तो रास्तच होता.

नव्वदच्या दशकात तो मोडला. उदारीकरणानंतर गरिबी घटली का, हा राजकारणातला कळीचा मुद्दा झाला होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबातला लोकांचा खर्च आणि पाहणीत दिसणारा खर्च यांतली दरी रुंदावत होती. ‘पाहणीत खर्च निसटतोय’ अशी ओरड सुरू झाली. मग १९९४-९५ ते १९९८ या काळातल्या लहान नमुन्याच्या चार फेऱ्यांत एक प्रयोग झाला. निवडलेल्या घरांपैकी काहींना जुनी अनुसूची दिली, म्हणजे सगळ्याला ३० दिवस. बाकीच्यांना नवी: खाण्याचे पदार्थ, पान, तंबाखू यांना ७ दिवस, कपडे-शिक्षण-टिकाऊ वस्तूंना ३६५ दिवस, उरलेल्याला ३० दिवस. घरं वेगवेगळी आणि वाटणी यादृच्छिक, त्यामुळे तुलना स्वच्छ. नव्या अनुसूचीत खाण्यावरचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आला, आणि त्याच दारिद्र्यरेषेने मोजलेली गरिबी जवळजवळ निम्म्यावर आली. कोणाच्या ताटात एक घासही वाढला नव्हता. बदलला होता तो फक्त प्रश्न.

इतका स्फोटक निकाल हाती असताना १९९९-२०००च्या मोठ्या फेरीत काय करायचं? सरळ मार्ग दोन होते. एक तर जुनीच अनुसूची चालू ठेवायची. नाही तर लहान फेऱ्यांसारखी घरं वाटून दोन्ही अनुसूच्या स्वतंत्रपणे चालवायच्या. झालं तिसरंच. खाण्याच्या प्रत्येक जिनसेसाठी ७ दिवस आणि ३० दिवस असे दोन्ही प्रश्न, एकाच घराला, एकाच बैठकीत, एकाच पानावर शेजारशेजारच्या रकान्यांत विचारायचे. दोन्ही मतांच्या लोकांना खूश ठेवण्यासाठी केलेली ही तडजोड होती, असंच त्या पानाकडे बघून वाटतं. पद्धतीच्या दृष्टीने याहून वाईट पर्याय सुचणं अवघड आहे.

का, ते समजायला ते पान भरताना काय होतं ते पाहावं. समजा, बार्शीकडच्या एका घरात अन्वेषक तूरडाळीच्या ओळीवर आलाय. “मागच्या महिन्यात किती लागली?” “दोन किलो.” “आणि मागच्या सात दिवसांत?” पाहुणे आले होते म्हणून खरं तर पाऊण किलो संपली आहे. पण आत्ताच दोन किलो सांगून झालंय, तेव्हा त्याला चाराने भागून उत्तर येतं, “अर्धा किलो.” प्रश्नांचा क्रम उलटा असता तर आठवड्याची पाऊण किलो आधी आली असती आणि महिन्याला तीन किलो लागली असती. दोन्ही वेळा दुसरं उत्तर आठवणीतून आलेलं नाही, ते पहिल्या उत्तराच्या मागे ओढलं गेलंय. शिवाय एकाच ओळीत न जुळणारे आकडे दिसले की अन्वेषक स्वतःच पुन्हा विचारतो, कारण वर छाननीत शेरा त्यालाच खावा लागतो.

झालंही तसंच. लहान फेऱ्यांत दोन मुदतींमध्ये जे मोठं अंतर होतं, ते इथे अवघ्या काही टक्क्यांवर आलं. ३० दिवसांच्या रकान्यातून गरिबी निघाली २६.१ टक्के, ७ दिवसांच्या रकान्यातून २३.३ टक्के. १९९३-९४मध्ये ती ३६ टक्के होती. सहा वर्षांत दहा टक्क्यांची घट! सत्तेत असलेल्यांनी तो आकडा झेंड्यासारखा मिरवला. टीकाकारांचं म्हणणं होतं की आठवड्याच्या प्रश्नाने महिन्याचं उत्तर वर ओढलं, म्हणून गरिबी कमी दिसली. दुसऱ्या गटाने त्याच फेरीतल्या रोजगाराच्या अनुसूचीकडे बोट दाखवलं. तिच्यातही खर्चाचे थोडके प्रश्न होते, तेही फक्त ३० दिवसांचे आणि वेगळ्या घरांना विचारलेले. त्याआधारे ही ओढाताण फारशी झालेली नाही, असं त्यांनी मांडलं. परदेशातल्या एका अर्थतज्ज्ञाने ज्या जिनसांची मुदत बदललीच नव्हती (इंधन वगैरे) त्यांच्यावरून उलट हिशोब मांडला आणि गरिबी २८-२९ टक्क्यांच्या आसपास ठरवली. म्हणजे घट होती, पण मिरवली जात होती तेवढी नव्हती. मला हा शेवटचा हिशोब सगळ्यात पटतो, पण तोही अंदाजच. त्या पानाने एका अख्ख्या फेरीचा कस घालवला आणि ते नुकसान नंतर कोणत्याही सांख्यिकी युक्तीने पूर्ण भरून निघालं नाही.

२००४-०५मध्ये खाण्याला पुन्हा ३० दिवस आले. पण टिकाऊ वस्तू, कपडे वगैरेंसाठी ३० आणि ३६५ असे दोन्ही प्रश्न राहिले, त्यामुळे एकाच फेरीतून दोन आकडे निघाले: एकसमान मुदतीने (सगळ्याला ३० दिवस) २७.५ टक्के, मिश्र मुदतीने (कपडे, टिकाऊ वस्तू वगैरेंना ३६५) २१.८ टक्के. त्यातच २००९मध्ये तज्ज्ञगटाने रेषाच नव्याने आखली आणि त्याच २००४-०५ची गरिबी ३७.२ टक्के झाली. एकाच वर्षाचे तीन अधिकृत म्हणता येतील असे आकडे! वर्तमानपत्रांतल्या तक्त्यांत ते आजही सर्रास एकमेकांत मिसळलेले सापडतात.

२००९-१०मध्ये तिसरी तऱ्हा आली, सुधारित मिश्र मुदत. भाजी, फळं, तेल, अंडी, मांस-मासळी, मसाले, चहा-फराळ, पान-तंबाखू यांना ७ दिवस. धान्य, डाळी, दूध, साखर, इंधन यांना ३० दिवस. कपडे आणि टिकाऊ वस्तूंना वर्ष. कणगीतली ज्वारी आणि मेथीची जुडी यांना वेगळं वागवायला अखेर सहा दशकं लागली. या वेळी पूर्वीचा धडा लक्षात होता. दोन अनुसूच्या होत्या, पण वेगवेगळ्या घरांसाठी. २०११-१२मध्येही तसंच. जागतिक पातळीवर पूर्वी वापरात असलेल्या माणशी रोज १.९० डॉलरच्या रेषेने २०११-१२ची भारताची गरिबी जुन्या मुदतीने २१.२ टक्के येते आणि सुधारित मिश्र मुदतीने १२.४ टक्के.

२०१७-१८ची फेरी झाली, पण गुणवत्तेचं कारण देऊन आकडे जाहीरच केले नाहीत. त्यामुळे मध्ये अकरा वर्षांची पोकळी पडली. २०२२-२३मध्ये मुदती सुधारित मिश्रच राहिल्या, बाकी मात्र बरंच बदललं. जिनसा ३४७ होत्या, त्या ४०५ झाल्या. एका बैठकीऐवजी खाद्य, रोजच्या वापराच्या वस्तू व सेवा, आणि टिकाऊ वस्तू अशा तीन प्रश्नावल्या तीन वेगवेगळ्या भेटींत भरल्या गेल्या, कागदाऐवजी टॅबलेटवर. रेशनचं फुकट धान्य, मोफत मिळालेली सायकल किंवा लॅपटॉप यांची किंमत धरून वेगळा आकडा काढला: ग्रामीण ३,८६०, शहरी ६,५२१. घरं निवडण्याचे निकषही बदलले. ग्रामीण भागात जमीनधारणा आणि शहरात चारचाकी गाडी लक्षात घेऊन गट पाडले.

तीन भेटींमुळे उत्तर देणारा कंटाळत नाही आणि खर्च जास्त नीट नोंदला जातो, हे मान्यच. ही सुधारणा चांगली आहे. पण खर्च जास्त ‘नोंदला’ गेला की जास्त ‘झाला’, हे वेगळं काढण्याचा एकच खात्रीचा उपाय होता: काही घरांत एका बैठकीची जुनी पद्धत समांतर चालवणं. २००९-१० आणि २०११-१२मध्ये मुदती बदलताना जुनी अनुसूची अशीच समांतर चालवली होती. २०२२-२३च्या २,६१,७४६ घरांत तसं काही केलं गेलं नाही, २०२३-२४च्या फेरीतही नाही. त्यामुळे २०११-१२चा ग्रामीण १,४३० रुपयांचा आकडा आणि २०२२-२३चा ३,७७३ रुपयांचा आकडा यांच्यातल्या फरकातून महागाई वजा करता येते, भेटींची संख्या वजा करता येत नाही.