धातू कधी हलला?

सोलापूरच्या गड्डा यात्रेत जुन्या नाण्यांच्या एका पथारीवर पाच रुपयांचे जाडजूड, तांबे-निकेलचे एक नाणे माझ्या हाती आले. विक्रेता त्याला ‘एरर’, म्हणजे टाकसाळीतच चूक होऊन बनलेले नाणे, म्हणत होता, कारण काठापासून थेट पाचाच्या आकड्यातून गेलेली एक बारीक रेघ त्यावर होती. दहापट भिंगाखाली उजेड तिरपा धरून पाहिल्यावर मात्र ती रेघ खोलगट निघाली आणि नांगराच्या तासाच्या दोन्ही कडांना माती साचावी तसे सरकलेल्या धातूचे बांध तिच्या कडेला दिसले. तो ओरखडा होता, टाकसाळीतून नाणे बाहेर पडल्यानंतरचा.

टाकसाळीत दोन पोलादी ठशांच्या मध्ये कोरी चकती दाबली जाते. त्या दाबाखाली थंड धातूसुद्धा वाहतो आणि ठशातली खोलगट नक्षी भरून काढतो, म्हणून ती नाण्यावर उठावदार उमटते. हजारो आघात सोसून ठशाला तडा गेला, तर धातू त्या तड्यातही शिरतो. त्यामुळे तड्याची रेघ नाण्यावर उंच असते, कधीच खोल नसते. शिवाय तोच ठसा वापरात असेतोवर ती प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येते. आपल्याकडच्या जकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या कार्डात एक भोक कमी पडले, की प्रत्येक चादरीत नेमक्या त्याच जागी नक्षी चुकते. खिळ्याला अडकून फाटलेली चादर मात्र एकटीच असते.

काठाचा घास घेतल्यासारख्या दिसणाऱ्या नाण्यांची तपासणी मला सर्वांत सुंदर वाटते. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकावरच पुन्हा कापणी होते आणि चंद्रकोरीएवढा भाग कमी असलेली चकती तयार होते. पुढे काठ उभारण्यासाठी चकती दोन बाजूंनी दाबत फिरवतात. पण उणा भाग आला, की त्याच्या बरोबर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, आणि तिथला काठ अर्धवट, फिका राहतो. कानशीने घासून खोटी उणीव करणाऱ्या माणसाला ही समोरची खूण सहसा सुचत नाही. उणीव छापण्यापूर्वीची असेल, तर तिच्याजवळची अक्षरे रिकाम्या जागेकडे ओढली जाऊन विरत जातात. नंतर कापलेल्या नाण्यावर अक्षर पूर्ण ठसठशीत असते आणि मध्येच तुटते.

वजनाचा उपयोग मर्यादित आहे. १९९२ मध्ये आलेल्या पोलादी रुपयाचे ठरलेले वजन ४.८५ ग्रॅम होते; काटा तूट किती ते सांगतो, ती केव्हा पडली ते सांगत नाही. आम्लात बुडवून पातळ केलेले नाणेही हलकेच भरते, पण त्याचा पृष्ठभाग खरखरीत आणि अक्षरे झिजल्यासारखी बारीक होतात.

उलट्या, खोलगट छापाच्या नाण्यांबाबत फसगत सर्वाधिक होते. छापलेले नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर एका बाजूला त्याची आरशातली खोल प्रतिमा उमटते आणि त्या बाजूची स्वतःची नक्षी मुळी उमटतच नाही. त्याच पथारीवर असा एक रुपया होता. त्यावर उलटी अक्षरे होती खरी. पण त्यांच्या खालून रुपयाच्या आकड्याशेजारची कणसे डोकावत होती, आणि पालटून पाहिले तर दुसऱ्या बाजूच्या सिंहांच्या आयाळी चपट्या झाल्या होत्या: कुणीतरी त्यावर दुसरे नाणे ठेवून दोन्ही लोखंडी पकडीच्या (व्हाइसच्या) जबड्यात दाबली होती.