गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती

गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती : त्वचेचा रंग उजळवण्याचा दावा करणाऱ्या प्रसाधनांच्या जाहिराती. भारतीय मुलींची स्वतःच्या रूपाकडे पाहण्याची नजर घडवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. गोऱ्या रंगाची हौस काही त्यांनी निर्माण केली नाही. ‘नाकीडोळी नीटस, पण रंगाने जरा डावी’ असे शेरे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आधीपासून मारले जातच होते. जाहिरातींनी त्या शेऱ्याला उपाय जोडून दिला. आणि उपाय दुकानात मिळतो म्हटल्यावर सावळे राहणे हा मुलीचाच आळस ठरू लागला.

मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली ‘अफगाण स्नो’ हे चेहऱ्याला लावायचे क्रीम आणले. पण घराघरांत पोहोचली ती हिंदुस्थान लिव्हरची ‘फेअर अँड लव्हली’, १९७५ पासून. तिच्या जाहिरातींचा साचा ठरलेला असे : आधी काळवंडलेला, पडेल चेहरा, मग त्वचेचा रंग पायरीपायरीने उजळताना दाखवणारी छटांची पट्टी, शेवटी उजळ आणि हसरा चेहरा. सुरुवातीला या उजळण्याचे बक्षीस म्हणजे चांगले स्थळ. पुढे नोकरी आली, अट मात्र तीच राहिली. एका गाजलेल्या जाहिरातीत तुटपुंज्या मिळकतीचे वडील ‘मुलगा असता तर’ असे बोलून जातात, मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, हवाई सुंदरी होते आणि आईवडिलांना मोठ्या हॉटेलात घेऊन जाते. मुलगी मुलाच्या बरोबरीची ठरते, पण ती रंग बदलून. शिक्षण, मेहनत, मुलाखतीची तयारी यांना त्या कथेत जागाच नाही. वरवर पुरोगामी वाटणारी ही मांडणी जुन्या स्थळाच्या जाहिरातींपेक्षा जास्त घातक म्हणावी लागेल, कारण तिने लग्नाच्या बाजारातली कसोटी नोकरीच्या दारातही आणून ठेवली.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध मोहीम उघडली आणि २००३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने यांतल्या दोन जाहिरातींवर कारवाई केली. २००९ मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही चळवळ सुरू झाली. अभिनेत्री नंदिता दास २०१३ मध्ये तिच्याशी जोडल्या गेल्या. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे जाहिरात क्षेत्राच्याच स्वनियमन संस्थेने, २०१४ मध्ये नियम घालून दिले : सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये, क्रीम लावण्यापूर्वीच्या चित्रातही चेहरा पडलेला नसावा. दरम्यान २००५ मध्ये इमामीने पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ बाजारात आणले होते, म्हणजे न्यूनगंडाचे गिऱ्हाईक तेवढे वाढले.

अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद उमटले तेव्हा, २०२० मध्ये, ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. लग्न जुळवणाऱ्या ‘शादी डॉट कॉम’ने वर्णानुसार स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली. जाहिरातींत आता ‘निखार’, ‘तेज’ असे शब्द येतात आणि कॅमेऱ्याचे फिल्टर सेल्फीतला चेहरा क्षणात उजळून देतात.

मराठी मालिकांत सावळी नायिका आली ती प्रामुख्याने रंगामुळे सोसणारी म्हणून. स्टार प्रवाहवर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रंग माझा वेगळा’चा विषयच वर्णभेद होता, तरी नायिकेची भूमिका उजळ वर्णाच्या अभिनेत्रीला गडद मेकअप करून देण्यात आली आणि त्यावर टीकाही झाली.