पार्श्वभूमी: डनबार हायस्कूल आणि 1954 नंतरच्या हद्दी

वॉशिंग्टनच्या डनबार हायस्कूलची घसरण 1954 पासून मोजायची पद्धत आहे. त्या वर्षी 17 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतल्या शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि कृष्णवर्णीयांची ही नामवंत शाळा चारचौघींसारखी झाली, असं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. शाळा बदलली ती निकालानंतर शहराने शाळांना आखून दिलेल्या वस्तीवार हद्दींमुळे.

शाळेचा आरंभ 1870 चा, एका चर्चच्या तळघरात. देशातलं कृष्णवर्णीयांसाठीचं हे पहिलं सार्वजनिक हायस्कूल. 1891 मध्ये एम स्ट्रीटवर स्वतःची इमारत मिळाली, 1916 मध्ये नवी वास्तू आणि कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचं नाव. मधल्या काळात लॅटिन काढून हातकाम शिकवा, असा दबाव आला तेव्हा गुलामगिरीत जन्मलेल्या प्राचार्या हटल्या नाहीत. 1906 मध्ये त्यांची फेरनेमणूक झाली नाही. अभ्यासक्रम मात्र टिकला. विद्यापीठांत शिकवण्याची दारं बंद असल्यामुळे पीएच.डी. झालेली कृष्णवर्णीय माणसं इथे शिकवत. 1921 मध्ये ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तीन कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांपैकी दोघी इथल्या शिक्षिका होत्या. रक्तद्रव साठवण्याच्या तंत्राचे प्रणेते, लष्करातले पहिले कृष्णवर्णीय जनरल, पहिले कृष्णवर्णीय केंद्रीय मंत्री हे सगळे इथलेच विद्यार्थी.

हे साधलं कसं? डनबार कुठल्या एका वस्तीची शाळा नव्हती. शहरभरातली कृष्णवर्णीय मुलं तिच्याकडे येत. हातकामासाठी आर्मस्ट्राँग, व्यापारी शिक्षणासाठी कार्डोझो आणि महाविद्यालयाच्या तयारीसाठी डनबार, अशी विभागणी होती. मुलांना इथे घालता यावं म्हणून कुटुंबं वॉशिंग्टनला राहायला येत.

1954 च्या सप्टेंबरात शहराने शाळांत गोऱ्या-कृष्णवर्णीय मुलांचं एकत्रीकरण सुरू केलं ते घराच्या पत्त्यावरून. ज्या हद्दीत राहता, त्या हद्दीची शाळा. न्यायालयाने असं काही सांगितलं नव्हतं. मुलाला वर्णावरून अडवू नका, एवढंच निकालाचं म्हणणं होतं. शहरभरातून प्रवेश देणारी, सर्व वर्णांना खुली अशी एक शैक्षणिक शाळा ठेवता आली असती. ती ठेवली नाही आणि डनबारच्या वाट्याला आजूबाजूच्या गरीब वस्तीची हद्द आली. दूरच्या वस्त्यांतली मुलं आपापल्या हद्दीत गेली. प्रगत विषयांच्या वर्गांना मुलं पुरेनात, तर प्राथमिक उजळणीचे वर्ग वाढले. अनेक जुने शिक्षक मुदतीआधी निवृत्त झाले.

हद्दींच्या बाजूनेही बोलणारे होते, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. डनबार ही डॉक्टर-शिक्षकांच्या घरच्या, उजळ कातडीच्या मुलांची शाळा आहे, आर्मस्ट्राँगची मुलं तिच्या सावलीत राहतात, हा आरोप जुनाच होता. तरीही माझ्या मते तो आरोप शाळेची दारं रुंद करण्यासाठी वापरायला हवा होता. प्रत्यक्षात दारं रुंद झाली नाहीत; त्यांच्यामागे जे होतं ते विखुरलं. त्या वस्तीतल्या मुलांनाही जुनी डनबार मिळाली नाही, नुसतं तिचं नाव मिळालं.

वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांची कायदेशीर पायाभरणी करणारे वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हेही डनबारच्या परंपरेतलेच. ते 1950 मध्ये वारले. निकाल आणि हद्दी दोन्ही त्यांनी पाहिले नाहीत.

हाच वाद 1970 च्या दशकात इमारतीवरून उफाळला. 1916 ची वास्तू जपावी म्हणून माजी विद्यार्थी लढले. तिच्या विरोधात बोलणाऱ्यांना ती वास्तू म्हणजे कृष्णवर्णीयांतल्या उच्चभ्रूपणाची खूण वाटत होती. अखेर ती पाडली गेली. 1977 मध्ये शेजारी उघडलेली काँक्रीटची उंच इमारत भिंतींशिवायच्या वर्गांच्या तेव्हाच्या कल्पनेवर बांधली होती. आवाज एका वर्गातून दुसऱ्यात जाई, शिकवणं अवघड होई. बाहेरून तिला लोक तुरुंगाची उपमा देत. तिचं आयुष्य चाळीस वर्षंही भरलं नाही.

2013 मध्ये सध्याची वास्तू उघडली, जुन्या वास्तूच्याच जागेवर. खर्च सुमारे 12 कोटी डॉलर. जमिनीत नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या नावांच्या चकत्या बसवल्या आहेत आणि पुढच्यांसाठी काही कोऱ्या ठेवल्या आहेत. मात्र डनबार ही अजूनही हद्दीचीच शाळा आहे. शहरात आज अर्ज मागवून शहरभरातून मुलं निवडणारी सार्वजनिक हायस्कूलं आहेत. 1954 मध्ये जे डनबारला नाकारलं, ते त्यांना दिलेलं आहे.