डेटाबेसमधून चालणारा वेब अ‍ॅप्लिकेशन मंच

ब्राउझरमध्ये बसूनच वेब अ‍ॅप्लिकेशन बांधायचे आणि ते डेटाबेसच्या आतून चालवायचे, अशी सोय देणारी प्रणाली. येथे अ‍ॅप्लिकेशन म्हणजे फायलींचा गठ्ठा नसतो, तर टेबलांतल्या ओळी असतात. पानाचे नाव, त्यावरचे रकाने, बटणाची जागा, ते दाबल्यावर काय घडावे, कोणाला ते दिसावे, हे सारे डेटाबेसमध्ये नोंदलेले असते. या नोंदींना मेटाडेटा म्हणतात. धंद्याची माहिती आणि ती हाताळणाऱ्या पानांचे वर्णन एकाच घरात राहते.

सोलापुरात ही कल्पना जॅकार्ड मागावरून चटकन कळते. चादरीवरची नक्षी मागाच्या सांगाड्यात नसते, ती भोके पाडलेल्या कार्डांच्या माळेत असते. कार्डावर भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून बाणा, म्हणजे आडवा धागा, निघून जातो. माग तोच राहतो; माळ बदलली की फुलाच्या जागी मोर उमटतो. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये हा माग सिद्ध केला आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या ‘अ‍ॅनॅलिटिकल एंजिन’ या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डे घेतली. म्हणून मागाशी हे नाते केवळ उपमेपुरते नाही. मंचाचे इंजिन, म्हणजे वर्णन वाचून पान तयार करणारा भाग, हा माग आणि मेटाडेटा म्हणजे कार्डांची माळ.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या चादर कारखान्याचे उदाहरण घेऊ. व्यापारी, ऑर्डर, सुताचा साठा आणि माग अशी चार टेबले आहेत. मालक ब्राउझरमध्ये ‘बाकी ऑर्डरी’ हे पान उघडतो. ओरॅकल कंपनीच्या एपेक्स या अशाच एका मंचाच्या मूळ पत्तापद्धतीत पत्त्यातच अ‍ॅप्लिकेशनचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि सत्राचा (वापरकर्त्याच्या त्या बैठकीचा) क्रमांक असतो. ही मागणी वेब सर्व्हरकडे जाते, पण तो केवळ निरोप पोचवतो. खरे काम डेटाबेसमध्ये होते. इंजिन आधी त्या पानाचे वर्णन वाचते, मालकाला ते पाहण्याची मुभा आहे का हे तपासते, वर्णनात लिहिलेली एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला त्याच्या भाषेत विचारलेला प्रश्न) चालवते, मिळालेल्या ओळी एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत गुंफते आणि तयार पान परत पाठवते. विचारणाऱ्या आणि उत्तर देणाऱ्या गोष्टी शेजारीशेजारी असल्याने डेटाबेसकडे सारख्या खेपा माराव्या लागत नाहीत. माझ्या मते या रचनेचे खरे बळ हेच आहे.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक मागणी त्याच्या दृष्टीने पहिलीच. त्यामुळे मालकाने वर कोणता व्यापारी निवडला, हे पुढच्या पानाला कळायचे कसे? मंच ही मूल्येसुद्धा सत्राच्या क्रमांकासह डेटाबेसमध्ये ठेवतो. पान भरून बटण दाबले की उलटी फेरी सुरू होते: आधी तपासण्या (नगांची संख्या रिकामी तर नाही ना?), मग नोंद करणे, शेवटी पुढचे पान ठरवणे. तपासणीत चूक सापडली तर नोंद होत नाही. तेच पान चुकीच्या सूचनेसह परत येते.

एक अडचण मात्र नीट समजून घ्यावी. कारखान्यात दिवाणजी आणि चाटी गल्लीतल्या दुकानात मालक, दोघांनी एकच ऑर्डर एकाच वेळी उघडली. दिवाणजींनी दोनशे नग केले, मालकाने दर बदलला. शेवटी जतन करणाऱ्याने आधीच्याचा बदल नकळत पुसून टाकण्याचा धोका येथे असतो. यासाठी मंच पान दाखवताना त्या ओळीची एक गणिती खूण काढून ठेवतो आणि जतन करताना ती पुन्हा ताडून पाहतो. खूण जुळली नाही, तर मधल्या काळात नोंद बदलली आहे असे सांगून दुसऱ्याला थांबवतो.

या मांडणीचा पाया एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या, माहिती टेबलांत मांडणाऱ्या रिलेशनल प्रारूपात आहे. एसक्यूएलची पूर्वज भाषा आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. ओरॅकलने ‘एचटीएमएल डीबी’ या नावाने आपला मंच २००४ मध्ये आणला. २००६ मध्ये त्याचे नाव ‘अ‍ॅप्लिकेशन एक्स्प्रेस’ झाले, त्याचेच लघुरूप एपेक्स. गंमत अशी की ज्या पानांवर बसून आपण अ‍ॅप्लिकेशन बांधतो, ती पानेही त्याच मंचावर बांधलेले अ‍ॅप्लिकेशनच आहेत. मुंबईच्या फ्रॅपे या मुक्तस्रोत चौकटीतही ‘डॉकटाइप’ नावाचे वर्णन डेटाबेसमध्ये ठेवून त्यावरून अर्ज आणि याद्या तयार होतात, मात्र तिथले इंजिन डेटाबेसबाहेर पायथनमध्ये चालते.

सुरक्षेत सर्वांत जुना घाव एसक्यूएल इंजेक्शनचा. वापरकर्त्याने टाकलेला मजकूर क्वेरीच्या वाक्यात थेट जोडला, तर तो मजकूरच हुकूम बनू शकतो. म्हणून मूल्य नेहमी बाइंड व्हेरिएबलच्या, म्हणजे क्वेरीत मूल्यासाठी राखलेल्या वेगळ्या जागेच्या, वाटेने द्यावे; मग ते मूल्यच राहते. याबाबत ढिलाई अजिबात करू नये.

मर्यादाही आहेत. एका डेटाबेसशी गाठ पक्की बसते, ती सोडवणे महाग पडते. नेटवर्क तुटले की पान अडते. अ‍ॅप्लिकेशन टेबलांत असल्याने कोणी काय बदलले याचा माग फायलींइतका सहज लागत नाही. त्यासाठी वेळोवेळी निर्यात फाइल काढून जपावी लागते.

मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात आणखी एक बाब आधीच ठरवून घ्यावी लागते. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत या तिन्ही लिप्यांचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त यांचीही स्वतंत्र चिन्हे म्हणून गणती होते. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी मुद्दाम चिन्हांत सांगितली नाही, तर ती सहसा बाइटमध्ये धरली जाते. तीस बाइटच्या रकान्यात ‘सिद्धेश्वर’ हा शब्द दहा चिन्हांनी काठोकाठ बसतो. ‘सिद्धेश्वर पेठ’ला चाळीस बाइट लागतात, तिथे नोंद होत नाही, चूक दाखवली जाते. टेबल बांधतानाच लांबी चिन्हांत मोजायला सांगितली की हा खोळंबा टळतो.