संकर भ्रूणातील गुणसूत्रलोप

दोन वेगळ्या जातींच्या वनस्पतींचा संकर केल्यावर, वाढत्या भ्रूणाच्या पेशींमधून एका पालकाची गुणसूत्रे नाहीशी होण्याच्या घटनेला गुणसूत्रलोप म्हणतात. फलन नीट होते, युग्मनजात, म्हणजे फलनातून बनलेल्या पहिल्या पेशीत, दोघांचेही संच येतात. बिघाड सुरू होतो तो पुढच्या पेशीविभाजनांत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सातूचे, म्हणजे बार्लीचे. तिचा संकर हॉर्डियम बल्बोसम या रानटी भाईबंदाशी केला, की युग्मनजात ७ अधिक ७ अशी १४ गुणसूत्रे असतात, पण थोड्याच दिवसांत सातूची ७ तेवढी उरतात. काशा आणि काओ या संशोधकांनी १९७० मध्ये हे मांडले. सातू आई असो वा बाप, जातात ती बल्बोसमचीच गुणसूत्रे. त्यामुळे नराचा वाटा टिकत नाही, एवढ्यावर याचा उलगडा होत नाही.

विभाजन चालू असलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर कारण डोळ्यांना दिसते. सातूची गुणसूत्रे तर्कुतंतूंच्या, म्हणजे गुणसूत्रांना ओढणाऱ्या धाग्यांच्या ओढीने पेशीच्या दोन्ही टोकांकडे सरकतात. बल्बोसमची काही मध्येच रेंगाळतात. मागे राहिलेल्यांभोवती वेगळे पटल तयार होऊन सूक्ष्मकेंद्रक बनते आणि त्यातला डीएनए हळूहळू विघटित होतो. तर्कुतंतूंना धरायची जागा म्हणजे सेंट्रोमिअर, आणि ती जागा ठरवणारे प्रथिन सेनएच३. २०११ मधील संशोधनात बल्बोसमच्या सेंट्रोमिअरवर हे प्रथिन पुरेसे बसत नसल्याचे आढळले. दोन्ही जातींची सेनएच३ जनुके मात्र चालू होती. म्हणजे प्रथिनाचा तुटवडा नसतो, ते जागेवर बसण्यात भेद होतो. ही बाब मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटते.

सगळीकडे असेच घडते असे नाही. गहू आणि बाजरीच्या संकरात बाजरीचे क्रोमॅटिन, म्हणजे गुणसूत्रे ज्याची बनतात ते द्रव्य, विभाजनाची वाट न पाहता केंद्रकातून कळीसारखे फुटून बाहेर पडतानाही दिसले आहे. गहू आणि मक्याच्या संकरात मक्याची १० गुणसूत्रे पहिल्या काही विभाजनांतच जातात. ओट आणि मक्याच्या संकरात मात्र मक्याचे एखादे गुणसूत्र टिकून राहते. अशा रोपांपासून मक्याचे एकेक गुणसूत्र बाळगणारे ओटचे वाण तयार झाले आणि मक्याची जनुके कोणत्या गुणसूत्रावर आहेत हे शोधायला ते फार उपयोगी पडले. तापमानाचाही परिणाम होतो: सातूच्या संकरात थंडाव्यात बल्बोसमची गुणसूत्रे अधिक टिकतात.

अशा दाण्यात भ्रूणपोष नीट वाढत नाही, त्यामुळे भ्रूण उपाशी मरतो. तो वेळीच काढून पोषक माध्यमावर वाढवला, तर एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेले रोप मिळते. कोल्चिसिन या रसायनाने त्याची गुणसूत्रे दुप्पट केली, की प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकसारख्या असलेले शुद्ध वाण एका पिढीत हाती येते. एरवी त्यासाठी कित्येक पिढ्या स्वपरागण करत राहावे लागते.