जलचक्रातला न दिसणारा टप्पा

खाली निळा समुद्र, वर जाणारे बाण, पांढरा ढग, डोंगरावर पाऊस आणि पुन्हा नदी: जलचक्राचं हे चित्र सहा-सात वर्षांची मुलं सहज पाठ करतात. मात्र ‘ताटातलं पाणी कुठे गेलं?’ असं विचारलं, तर ‘संपलं’ किंवा ‘ताटानं पिऊन टाकलं’ अशी उत्तरं येतात. यात मुलांचा दोष नाही. चित्रात बाण असतो तिथे प्रत्यक्षात काहीच दिसत नाही, कारण पाण्याची वाफ रंगहीन आणि पारदर्शक असते. चहाच्या किटलीच्या तोंडाशी दिसतो तो पांढरा धूरसुद्धा वाफ नव्हे, ते गार झालेल्या वाफेचे बारीक थेंब. ढगही तसाच थेंबांचा किंवा हिमकणांचा. म्हणून लहान मुलांसोबत सगळ्यात जास्त वेळ या न दिसणाऱ्या टप्प्यावर द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

स्टीलच्या दोन ताटांत एकेक वाटी पाणी ओतून एक उन्हात, एक सावलीत ठेवा. स्टील पाणी पीत नाही हे मुलांना ठाऊक असतं, त्यामुळे ‘मग गेलं कुठे?’ हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होतो. उत्तर लगेच सांगू नका. त्याऐवजी पेल्यात बर्फ घातलेलं कोकम सरबत द्या. पेल्याला बाहेरून थेंब सुटले की बहुतेक मुलं म्हणतात, पेला गळतोय. थेंब बोटावर घेऊन पाहू द्या. सरबत लाल आणि थेंब बिनरंगी! हवेत पाणी आहे, हे पटायला एवढं पुरतं.

आता झाड. जलचक्राच्या चित्रांत झाडं बहुधा शोभेपुरतीच असतात, हे मला फार खटकतं. मुळांनी ओढलेलं बहुतांश पाणी पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफ होऊन निघून जातं. झाड स्वतःसाठी अगदी थोडं ठेवतं. सकाळी जास्वंदीच्या पानभरल्या फांदीवर पारदर्शक पिशवी घट्ट बांधा, शेजारच्या पानं काढलेल्या फांदीवर दुसरी. काही तासांनी पानांच्या पिशवीत थेंब जमलेले दिसतील, दुसरीत जवळपास नाहीत. पाणी वर चढतं कसं, हे तेरडा दाखवतो. मुळासकट उपटलेलं रोप लाल शाईच्या पाण्यात उभं केलं, की त्याच्या काचेसारख्या देठातून लाल रेषा वर सरकताना दिसतात. आणि मृगाच्या पावसात चवळी पेराच. गणपतीच्या सुमारास ती शेंगा धरते. वाळलेल्या शेंगेतला दाणा पुन्हा मातीत टाकला की बीपासून बीपर्यंतचा फेरा मुलांच्या हातून पुरा होतो.

पाऊस मात्र मोजायलाच हवा. सरळ बाजूंची, सपाट बुडाची बरणी भिंतीपासून आणि झाडांपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि पट्टीनं पाण्याची उंची मोजा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो, म्हणून नोंद त्याच वेळी घ्यावी आणि बरणी रोज रिकामी करावी, नाहीतर डास होतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पडला तर ५०० लिटर, १५ लिटरच्या तेहतीस बादल्या! हा हिशेब मोठ्या मुलांना फार आवडतो.

दुसऱ्या गावच्या मावसभावंडांनाही बरणी ठेवायला सांगा आणि फोनवर आकडे जुळवा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर घाट उतरून वाईला त्याचा पाव हिस्साही नाही. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना गार होते आणि सरबताच्या पेल्यावर घडलं तेच आभाळात घडतं. वाईकडे उतरताना ती पुन्हा तापते, आणि ढग विरत जातात.