एप्रिलमध्ये न दिसणारी बाग

सिन्नर तालुक्यातल्या एका गावात, गावाच्या पाण्याचा हिशेब मांडायला, मारुतीच्या पारावर आम्ही नकाशा अंथरला होता. चादरीएवढा नकाशा, चार कोपऱ्यांवर चार दगड, कारण वारा थांबत नव्हता. उपग्रहाने एप्रिलात टिपलेलं त्याच गावाचं शिवार. जिथे पीक किंवा झाड तिथे लाल, बाकी सगळं करडं. माणसं आपापलं शेत शोधत राहिली. मग एका बागायतदाराने एका करड्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही माझी द्राक्षाची बाग. हिला तुम्ही पडीक लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. आणि चूक उपग्रहाची नव्हती.

पानातलं हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र निरोगी पान भरपूर परत फेकतं. उपग्रहाचा कॅमेरा हे दोन्ही वेगवेगळे मोजतो. अवरक्त जास्त आणि लाल कमी, तर तिथे पीक जोमात आहे असं समजायचं. तो न दिसणारा प्रकाश आपल्याला दिसावा म्हणून नकाशात त्याला लाल रंग देतात, म्हणून हिरवं शेत लाल दिसतं. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून अशी चित्रं काढतात आणि ती कुणालाही फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा. शेतकऱ्याच्या हिशेबात जवळपास एक गुंठा. हे सांगितलं की नकाशा एकदम ओळखीचा होतो, कारण गुंठ्याचं माप ज्याच्या त्याच्या डोक्यात असतंच.

पण एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी होते. माल उतरला की काड्या आखूड छाटतात आणि नवी फूट येईपर्यंत बाग उघडी असते. पानच नाही तर लाल रंग कुठून येणार? उन्हाळ कांद्याचंही तसंच. माना पडल्या, पात वाळली की शेत करडं दिसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने प्यायलेलं पाणी त्या एका चित्रात कुठेच उमटत नाही. म्हणजे गावातली सगळ्यात जास्त पाणी लागणारी पिकं पाण्याच्या हिशेबातून गळणार होती. ऑक्टोबरपासून मेपर्यंतची चित्रं एकापुढे एक लावली की बरंच कोडं सुटतं, पण कोणत्या महिन्यात काय बघायचं हे आधी शेतकऱ्यानेच सांगावं लागतं. म्हणून माझा आग्रह असतो की नकाशा गावात कच्चा न्यावा. पक्का करून, सही-शिक्क्यासाठी नेलेल्या नकाशावर लोक सही करतात आणि घरी जातात. असं होताना मी पाहिलंय, आणि तिथली कामंही पाहिली आहेत.

पिकांनंतर पाणलोट. म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी उताराने एकाच ओढ्याला येऊन मिळतं ती सगळी जमीन. तिची हद्द सातबाऱ्यावर नसते, गावाच्या शिवेशीही जुळत नाही. ती काढायला जमिनीचे चढउतार लागतात. इस्रोने २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते, एक थोडा पुढे झुकलेला आणि एक मागे. एकच टेकडी दोन कोनांतून दिसली की तिची उंची काढता येते. आपले दोन डोळे मिळून अंतर ओळखतात, तसंच. त्यातून देशाच्या उंचीचा ३० मीटर चौकटींचा नकाशा तयार झाला आणि तो इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळतो. पुढचं काम संगणकाचं. प्रत्येक चौकटीला आठ शेजारी असतात, त्यांतला जो सर्वांत खाली त्याच्याकडे पाणी जाणार. हे लाखो वेळा केलं की कागदावर ओहोळ, ओढे आणि नदी उमटतात.

उमटतात, पण जुने. सिन्नरच्या शिवारांतून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. शिर्डी ते भरवीर हा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. उंचीचा नकाशा त्याआधीचा, त्यामुळे रस्त्याचा भराव त्यात नाही. भरावाशी आलेलं पाणी कोणत्या मोरीतून निघतं आणि कुणाच्या बांधाला जाऊन थडकतं, हे पावसात तिथे उभं राहिलेल्या माणसालाच माहीत. देवनदीवरच्या जुन्या बंधाऱ्यांचे पाटही असेच. नदीचं पाणी नुसत्या उताराने शेतात नेणारी ही अरुंद वाट, त्यात दोन्ही काठांना झाडं. ३० मीटरच्या चौकटीत तिचा मागमूस लागत नाही. पारावर एका आजोबांनी पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, "इथून वळतो तो." शिवारफेरीत गेलो तर तिथेच वळत होता.

जमिनीच्या खाली तर उपग्रह जातच नाही. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट, लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळपास राहत नाही; ते राहतं भेगांत, मुरमात आणि भोकाभोकांच्या मांजऱ्या खडकात. हे थर किती परसावर, म्हणजे किती पुरुष खोलीवर लागले, झरा कोणत्या बाजूने फुटला, हे विहीर खणणाऱ्याला तोंडपाठ असतं. पंचवीस-तीस विहिरींची अशी माहिती मोबाइलच्या जीपीएसने नकाशावर टाकली की मांजऱ्याचा एकच थर पाच-सहा विहिरींखालून गेलेला दिसू लागतो. त्या क्षणी पारावर शांतता होते. आपली म्हणून ज्या विहिरीत मोटर टाकली, तिचं पाणी शेजाऱ्याशी सामाईक आहे हे कागदावर बघणं सोपं नसतं.

मग हिशेब. गावाचं क्षेत्र १००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडतं. आकडा ऐकून लोक खूश होतात. आपल्या खडकात त्यातलं साधारण दहा टक्के मुरतं असं धरू, म्हणजे ५० कोटी लिटर. कांद्याला एका पाण्याला ५ सेंटिमीटर दिलं तर हेक्टरी ५ लाख लिटर, दहा पाळ्यांना ५० लाख. म्हणजे मुरलेलं सगळं पाणी उपसलं तरी १०० हेक्टर कांदा निघेल, आणि गुराढोरांना, माणसांना एक हंडाही उरणार नाही. ठिबकने हा आकडा सुधारतो, पण लाल ठिपके मोजून कांदा, बाग आणि डाळिंबाचं क्षेत्र समोर ठेवलं की नवा बंधारा कुठे बांधायचा यापेक्षा यंदा किती लावायचं, हाच प्रश्न मोठा होऊन बसतो. पश्चिमेला इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी तिकडच्या डोंगरी पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी शोधावं लागतं. उतार तीव्र, माती पातळ. तिथलं गणित वेगळं, पण मुरण्यापाशीच अडणारं.

शेततळ्यांचा विषय निघाला की आवाज चढतात. प्लॅस्टिक अंथरलेलं तळं उपग्रहातून गडद चौकोन म्हणून सहज मोजता येतं. त्यात पुष्कळदा पावसाचं नाही, हिवाळ्यात विहिरीतून उपसून साठवलेलं पाणी असतं. ३० मीटर बाय ३० मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला ७ मिलिमीटर वाफ झाली, तर रोज सहा हजार लिटरच्या वर पाणी उडून जातं. खालच्या थरात असताना त्याला ऊन लागत नव्हतं. तळं खणणाऱ्याला मी दोष देत नाही. बाग वाचवायची म्हणून त्याने कर्ज काढलेलं असतं.

पारावर बायका नव्हत्या. संध्याकाळी तोच नकाशा शाळेच्या ओसरीवर नेला. पिण्याचं पाणी कुठे कधी आटतं हे विचारलं तर एका ताईंनी टिकल्यांचं पाकीट आणलं. संक्रांतीला आटणाऱ्या हापशाला मोठी लाल टिकली, होळीला आटणाऱ्याला छोटी, पाडव्यानंतरही चालणाऱ्याला हिरवी. वस्त्यांवरच्या विहिरीही त्यांनी तशाच लावल्या. आमच्या नकाशात त्यातले दोन हापसे नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी टिकल्यांसकट नकाशा पुन्हा पारावर अंथरला. मोठ्या लाल टिकल्या वरच्या अंगाला, सगळ्यात नव्या शेततळ्यांच्या आजूबाजूला जमल्या होत्या. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, आणि मी तसं सांगितलंही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या बागायतदारानेच तिथल्या तीन विहिरी मोजायला निवडल्या, त्यातली एक त्याची स्वतःची. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, असं वर्षातून चारदा दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी घ्यायची ठरलं. दोरी त्याने घरून आणली.